ठेव आणि ठेवणे

गोल्फमध्ये ज्या खळग्यात चेंडू घालावयाचा, त्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीस ‘पटिंग ग्रीन’ म्हणतात. तेथे खेळाडूस मुभा पुष्कळ. खूण ठेवून चेंडू उचलावा, पुसावा. २०१९ पासून बुटांचे ओरखडेही बुजवावेत. मात्र कल अजमावण्यासाठी चेंडू घरंगळवून पाहू नये, आणि उचललेला चेंडू नेमका पूर्वस्थळीच ठेवावा.

२०१७ साली कॅलिफोर्नियातील एका मोठ्या स्पर्धेत लेक्सी थॉम्पसन या अमेरिकन खेळाडूकडून चेंडू परत ठेवताना जागा इंचभर चुकली. दूरचित्रवाणीवर हे पाहून एका प्रेक्षकाने कळविले. दुसऱ्या दिवशी, ऐन खेळात, तिला चार फटक्यांचा दंड झाला: दोन चुकलेल्या जागेचे, दोन चुकीच्या गुणपत्रिकेवर सही केल्याचे. अखेर बरोबरी होऊन निर्णायक खेळात ती हरली. मुद्दाम केले नाही, असे तिचे म्हणणे होते.

हेतू शुद्ध असता दंड का? २०१९ च्या नियमांप्रमाणे ग्रीनवर अनवधानाने चेंडू हलला तर दंड नाही. तो जागी ठेवला म्हणजे झाले. परंतु भलत्याच जागी ठेवून तेथून खेळले, तर दंड आहेच. आम्हांस हा भेद रास्त वाटतो. धक्का लागणे हा अपघात. ठेवणे हे पत्करलेले कर्म, आणि त्यातील हयगय हाही दोषच. देवस्थानची ठेव सांभाळणाऱ्याने ‘मी मुद्दाम कमी केली नाही’ एवढे म्हणून कसे भागेल? ती मोजूनच परत द्यावी लागते. उचलण्याची मुभा हा विश्वास आहे. तो जागच्या जागी ठेवण्यानेच फिटतो.