बढतीचा फोटो

बढतीबद्दल आमच्या बँकेत मतं अनेक आहेत, पण एका बाबतीत एकमत आहे : बढतीच्या पाठोपाठ बदली येते. म्हणून कित्येक शहाणे कारकून वर्षानुवर्षं बढती नाकारून एकाच काउंटरवर सुखानं बसलेले असतात. नाकारायची सोय आहे. रीतसर लेखी द्यायचं, की मला नको, आहे ते बरं आहे. साहेब हळहळतात, घरी बायको दोन दिवस बोलत नाही, पण जबरदस्ती कुणी करत नाही.

ही सोय नसलेला एकच इसम मी पाहिला आहे. तो म्हणजे अडीच वर्षांचा थोरला मुलगा. एके दिवशी तो झोपेतून उठतो तो ‘दादा’ झालेला असतो. अर्ज नाही, परीक्षा नाही, मुलाखत नाही. शिवाय त्याच दिवशी बदलीचा हुकूम : आईच्या मांडीवरून आजीच्या अंथरुणात, ताबडतोब हजर व्हावे. आणि एवढं झाल्यावर या बढतीचा फोटो काढायचा असतो, नि त्यात त्यानं हसायचं असतं!

प्रश्न तसा साधा वाटतो. नव्या बाळाच्या फोटोत थोरल्याला घ्यावं की नाही? घ्यावंच, असं आपण म्हणणार. फोटोबाहेर राहण्याचं दुःख आम्हा टेंभुर्णीकरांना तर वेगळं सांगायला नको. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. पण परगावी नाव सांगितलं की लोक म्हणतात, “हां हां, पुणे-सोलापूर रस्त्यावरची!” ती माढा तालुक्यातली टेंभुर्णी आमच्या टेंभुर्णीला फोटोत येऊच देत नाही. तेव्हा थोरल्याला घ्यावं, हे मला मान्य. घोळ पुढं आहे. तो रडत असला तर?

आमच्या मेहुण्याकडं दुसऱ्या मुलाचं बारसं होतं. पूर्वी ओल्या बाळाचा फोटो काढायचा म्हटलं की म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा यायचा. दृष्ट लागते म्हणे. आता दृष्टीचा बंदोबस्त काजळाच्या तिटेवर सोडून सासूबाईंनी स्वतःच फोटोग्राफर बोलावला होता. बाळ टोपलीत, डोक्याला लोकरीची टोपी. शेजारी नव्या झब्ब्यात दादासाहेब. पडलेला चेहरा म्हणजे काय ते त्या दिवशी मी पाहिलं.

“कामून रडून राह्यला रे राजा?” सासूबाई म्हणाल्या. “बाळाला पप्पी दे की.”

“ह्याला दवाखान्यात देऊन या,” राजा म्हणाला.

मत स्पष्ट होतं. बिस्किटं झाली, खुळखुळा झाला, मेहुणा मांजरासारखा ओरडून झाला. शेवटी फोटोग्राफर म्हणाला, “काळजी करू नका. मोबाइलमध्ये ह्याचा एखादा हसरा फोटो असंल ना? पाठवून द्या. मी आणून बसवतो बाळाजवळ.” सगळ्यांचे चेहरे उजळले. माझा मात्र, बी. कॉम. झाल्यामुळं असेल, उजळेना.

हिशेबाच्या वहीत खोडरबर चालत नाही, हा आमचा पहिला धडा. आकडा चुकला तर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. फोटोच्या धंद्यात मात्र खोडरबर पहिल्यापासून आहे. १८३९ साली फ्रान्सात देगेरची फोटोची रीत जाहीर झाली, पण त्या काळी एका फोटोला बराच वेळ लागायचा आणि बाळ हललं की फोटोत धुकं. त्यावर विलायतेत व्हिक्टोरिया राणीच्या काळात तोड निघाली. आईनं अंगावरून कापड ओढून खुर्चीसारखं बसायचं आणि बाळाला धरायचं. असे फोटो अजून जतन करून ठेवलेले आहेत. बाळ लख्ख, आणि मागं एक कापडाचा ढिगारा. ती आई! आता हातांच्या पंजांवर हनुवटी टेकून झोपलेल्या तान्ह्या बाळाचा फोटो घ्या. तान्ह्याची मान कुठं एवढी ठरते? एका फोटोत कुणीतरी त्याचं डोकं धरतं, दुसऱ्यात हात, मग दोन्ही जोडून धरणारा पुसून टाकतात. कापड गेलं, पण धरणारा अजून अदृश्यच.

राजघराण्यातही यातून सुटका नाही. २०१५ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या राजपुत्र जॉर्जचे फोटो जगभर छापून आले. वय दोनाच्या आत, मांडीवर तान्ही बहीण शार्लट. फोटो आईनंच काढलेले. प्रसिद्ध केले चार. काढले किती, आणि मधल्या वेळात राजपुत्र काय म्हणाले, ते काही छापून आलं नाही. आपल्याकडं पुराणात निदान लपवाछपवी नाही. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला, पाच वर्षांचा ध्रुव चढायला गेला आणि सावत्र आईनं त्याला हटकलं. त्याचं रडू पुराणकारांनी पुसलं नाही. ते पुसलं असतं तर पुढची गोष्टच उरली नसती.

हे सगळं मी सासूबाईंना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “जावईबापू, पोरगा मोठा झाल्यावर बघंल. भावाजवळ हसताना दिसला तर भावावर माया करंल. रडताना दिसला तर काय शिकंल?”

मुद्दा हलका नव्हता. माणसं स्वतःच्या फोटोसारखी व्हायला बघतात, हे खरंच आहे. पण माझ्या काउंटरवर भाऊ-भाऊ येतात, वडील गेल्यावर त्यांच्या ठेवीसाठी. एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात, आणि एकाची सही झाली की दुसरा तीनदा निरखून बघतो. यांच्याही घरी भिंतीवर गळ्यात हात टाकलेला फोटो असणारच. नुसत्या फोटोवर माया टिकती, तर वारसांची निम्मी भांडणं मिटली असती.

मला वाटतं, अडीच वर्षांच्या माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं फार थोडं असतं. मांडी होती, ती गेली. रडू तेवढं उरलं. तेही काढून घेऊन त्या जागी मागच्या दिवाळीतलं हसू चिकटवायचं, म्हणजे त्याच्या खात्यावर त्यानं न केलेली सही करण्यासारखं आहे. आणि धाकट्याचंही नुकसानच. आपल्या येण्यानं कुणाचं काय गेलं, नि ते गेल्यावरही त्यानं आपल्याला खेळायला घेतलं, हे त्याला कळणार कुठून?

अर्थात जावयाचं कोण ऐकतो! जोडलेला फोटो भिंतीवर लागला. पण गडबडीत बायकोनं मोबाइलवर एक फोटो काढला होता. त्यात वहिनींच्या मांडीवर बाळ, दादासाहेब तोंड वासून रडताहेत, आणि कडेनं बिस्किटाचा पुडा धरलेला सासूबाईंचा हात. मी तो छापून घेतला आणि मागं तारीख घालून मेहुण्याकडं दिला.

सात-आठ महिन्यांनी गेलो, तर तो फोटो दादासाहेबांच्या ताब्यात. मला दाखवून खिदळत म्हणाले, “मी रडून राह्यलो!” तेवढ्यात धाकटा रांगत आला आणि फोटोवर झडप घातली. “माझा हाय!” म्हणून थोरल्यानं आधी ओढला. मग जरा विचार केला आणि एक कोपरा त्याच्या मुठीत दिला. दुसरा कोपरा मात्र सोडला नाही.