अनुमोदना

चातुर्मासात मी पालेभाज्या सोडते. २०२३ सालीही सोडल्या होत्या. २६ जुलैला विद्यानगरच्या आमच्या घरात मुगाची डाळ शिजत होती आणि बाहेर टीव्हीवर लोकसभा चालू होती. मणिपूरवरून गदारोळ माजलेला, त्यातच वन संवर्धन दुरुस्ती विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. सूनबाई म्हणाली, "आई, झालंसुद्धा?"

शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल, ते जंगल, मग मालक कुणीही असो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सांगितलं होतं. या दुरुस्तीने कायदा सरकारी नोंदींपुरता आखडला. विधेयक पर्यावरणाच्या स्थायी समितीकडे जायला हवं होतं. तिचे अध्यक्ष तेव्हा जयराम रमेश होते, विरोधी पक्षाचे. गेलं ते संयुक्त समितीकडे. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवलं, तरी समितीने एक शब्द न बदलता ते परत पाठवलं. समित्यांना धमक नसते असं मात्र नाही. सुब्रमण्यम समितीचा पर्यावरण कायदे बदलण्याचा अहवाल २०१५ साली याच स्थायी समितीने नाकारला होता.

आमच्यात पाप तीन वाटांनी लागतं: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलं त्याला होकार दिलेलं. लहानपणी मला तिसरं सगळ्यात हलकं वाटायचं. पण खासदाराचं आसनच त्या तिसऱ्या जागी आहे! कुऱ्हाड सरकार चालवतं. कशाला, हे त्याने विचारायचं. गप्प बसला तर पाप कोणत्या खात्यात मांडायचं?

मग २०२५चा मार्च उजाडला. हैदराबाद विद्यापीठाजवळच्या कांचा गच्चीबावलीत ४०० एकरांवर बुलडोझर फिरले. आयटी पार्कसाठी. सरकार म्हणे, नोंदीत हे जंगल नाहीच. आणि गंमत बघा, दिल्लीत दुरुस्तीला विरोध करणाऱ्या काँग्रेसचंच सरकार इथे. विद्यार्थी आडवे गेले, ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. मोर ओरडतानाचे व्हिडिओ घरोघरी फिरले. मीही चार जणींना पाठवले.

त्याच बाजूला आमच्या पुतण्याचा फ्लॅट आहे. वास्तुशांतीला बाल्कनीत उभी राहून मी म्हणाले होते, "जागा अगदी छान मिळाली हो!" तिथे आधी काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. शुभ दिवशी असलं कोण विचारतं?

आता प्रतिक्रमणाला बसले, वनस्पतिकायाचा उच्चार आला, की ती बाल्कनी डोळ्यांपुढे येते. पुतण्याला अजून काही बोलले नाही.