वचनाचं भाडं

इंटरनेटवरचा आयपी पत्ता म्हणजे एक संख्या. १९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही४ पद्धतीत अशा संख्या एकूण ४,२९,४९,६७,२९६. त्यांतल्याही बऱ्याच राखीव. जगाची लोकसंख्या आठ अब्जांवर गेली, पण पत्त्यांत एकाचीही भर पडली नाही.

*

सुरुवातीला टंचाई नव्हती, म्हणून हिशेबही नव्हता. एमआयटी, फोर्ड, अ‍ॅपल यांना प्रत्येकी एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पत्त्यांचा ब्लॉक मिळाला. त्याची किंमत कुणी मोजली नाही, कारण किंमत नव्हतीच. सुबत्तेतलं औदार्य टंचाईत वतन होतं.

नियम नंतर आला. १९९६मध्ये लिहून ठेवलं गेलं, की पत्ते गरजेपुरते द्यावेत आणि ते वापरासाठी असावेत, साठवणीसाठी नव्हेत. तोवर मोठे वाटे निघून गेले होते.

*

३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच ब्लॉक, पत्ते देणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या पाच खंडीय नोंदणी संस्थांना वाटले गेले. त्याच वर्षी दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टनं ७५ लाख डॉलरना घेतले. पत्त्यामागे साधारण सव्वाअकरा डॉलर पडले. वाटप आटलं तिथून बाजार सुरू झाला. आधी विक्री आली, मग भाडं.

*

भाड्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. नव्या कंपनीला ब्लॉक विकत घेणं परवडत नाही; महिन्याचं भाडं परवडतं. पडून राहिलेला पत्ता कामाला लागतो. भाड्यावर बंदी घातली म्हणून कुणी पत्ते परत करणार नाही, फक्त व्यवहार अंधारात होतील. भाड्याला विरोध करणाऱ्यानं आधी एवढं मान्य केलं पाहिजे.

भाडेकरूची बाजूही तितकीच खरी आहे. मुदत संपली की छोट्या सेवादाराला आपलं सगळं जाळं नव्या पत्त्यांवर हलवावं लागतं. भाडं वाढलं तर मुकाट्यानं द्यावं लागतं. ज्याच्या ग्राहकांचं रोजचं काम त्या पत्त्यावर चालतं, त्याचाच त्या पत्त्यावर हक्क नसतो.

*

‘कसेल त्याची जमीन’ हे आपल्याकडचं तत्त्व इथं आठवतं. पण साम्य अर्ध्या वाटेपर्यंतच येतं. जमीन कुळाच्या आणि मालकाच्याही आधीपासून असते. सातबारा जळाला तरी ती जागेवर राहते. पत्त्याला नोंदणी संस्थेच्या नोंदीबाहेर अस्तित्व नाही. जगभरचे राउटर ती नोंद खरी मानतात आणि माहितीची पाकिटं त्या दिशेला धाडतात, म्हणून तो पत्ता.

पत्ता म्हणजे इतर सर्वांनी पाळलेलं वचन. ज्याच्या नावावर पत्ता नोंदलेला असतो, तो धारक भाडं घेतो ते या वचनाचं. म्हणून त्याच्या व्यवहारात इतरांना बोलण्याचा अधिकार आहे.

*

एक भाडेकरू स्पॅम पाठवतो. पत्ता काळ्या यादीत जातो. भाडेकरू निघून जातो, यादी राहते. पुढच्या भाडेकरूची साधी ईमेलसुद्धा अडते. तक्रार करणारा नोंद उघडतो. तिथं धारकाचं नाव. धारक म्हणतो, वापरणारा मी नव्हे. मालकी एकाकडे आणि वापर दुसऱ्याकडे गेला, की जबाबदारी दोघांच्या मधल्या फटीत पडते.

*

आफ्रिकेची नोंदणी संस्था आफ्रिनिक मॉरिशसमध्ये आहे. तिचा साठा इतरांपेक्षा जास्त काळ टिकला. २०१३ ते २०१६ या वर्षांत एका कंपनीला तिथून साठ लाखांहून अधिक पत्ते मिळाले आणि त्यांतले पुष्कळ आफ्रिकेबाहेरच्या ग्राहकांकडे भाड्यानं गेले. संस्थेनं म्हटलं, सांगितलेली गरज आणि झालेला वापर जुळत नाही. कंपनीनं ते नाकारलं. २०२१मध्ये न्यायालयाच्या आदेशानं संस्थेची बँक खाती गोठली. २०२३मध्ये तिचा कारभार न्यायालयानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला.

नियम मोघम असला की त्याचा अर्थ वकील लावतात. खर्च मात्र ज्यांच्यासाठी नियम केला त्यांच्यावर पडतो.

*

या नोंदणी संस्थांत धोरण मतदानानं ठरत नाही, सहमतीनं ठरतं. कुणीही यावं, बोलावं. ही पद्धत मला मोलाची वाटते. तिची उणीवही मोठी आहे. चर्चेला आजचे धारक येतात. पुढच्या वर्षी ज्याला पत्ता लागणार आहे, तो आज तिथं नसतो. गैरहजर माणसाची गरज हजर माणसानं मांडली, तरच सहमतीला न्याय म्हणता येईल.

*

कायमचा उपाय माहीत आहे. आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत नव्वदच्या दशकातच तयार झाली आणि त्यात पत्त्यांना तोटा नाही. भारताच्या वाट्याला जुने पत्ते लोकसंख्येच्या मानानं फार थोडे आले, म्हणून इथल्या मोबाइल कंपन्यांनी नवी वाट धरली. आज देशातले निम्म्याहून अधिक इंटरनेट वापरणारे तिच्यावर आहेत. पण उरलेलं जग जुन्या पत्त्यांवर असेपर्यंत जुना पत्ता लागतोच.

ज्याचं उत्पन्न टंचाईवर चालतं, त्याला टंचाई संपण्याची घाई नसते. भाड्याचा खरा धोका हा आहे.

*

म्हणून मला बंदी नको, अटी हव्यात. नोंदीत धारकाबरोबर वापरणाऱ्याचंही नाव असावं. भाड्यानं दिलेले पत्ते दाखवून कुणी ‘मला आणखी हवेत’ म्हणू नये. नवागतांसाठी राखलेल्या साठ्यातून मिळालेला पत्ता भाड्यानं देता येऊ नये.

पत्त्याचं भाडं घेणाऱ्यानं त्या पत्त्याबद्दल जाबही द्यावा. जो देणार नाही, त्याचा ब्लॉक साठ्यात परत यावा आणि रांगेत उभ्या असलेल्या नव्या माणसाला मिळावा.