भूमिशुद्धी आणि संयम

भूमी एकदा मलिन झाली म्हणजे ती पुन्हा शुद्ध होते काय, आणि होत असल्यास कशाने, हा प्रश्न आमच्या धर्मशास्त्रकारांनी कधी गौण मानला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत झाडणे, जाळणे, गाईंचा वावर, सिंचन, उकरणे, सारवणे आणि केवळ काळाचे लोटणे अशी भूमिशुद्धीची साधने सांगितली आहेत. ही योजना प्राचीन गृहस्थाच्या अंगणापुरतीच होती असे ज्याला वाटत असेल, त्याने कॅलिफोर्नियातील माँटरे उपसागराच्या काठच्या फोर्ट ऑर्डचा वृत्तान्त अवश्य पाहावा.

१९१७ साली अमेरिकी सैन्याच्या कब्जात आलेला आणि पुढे वाढत वाढत सुमारे २८,००० एकरांचा झालेला हा इलाखा पाऊणशे वर्षे लष्करी अंमलाखाली होता. दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम येथे लढावयास गेलेले असंख्य जवान येथेच तयार झाले. १९९० मध्ये त्याची नोंद देशातील अतिदूषित स्थळांच्या सरकारी यादीत झाली, १९९४ मध्ये छावणी उठली, आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या एका भागात कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या नव्या शाखेचे वर्ग भरू लागले. लष्कराच्या जुन्या इमारतींत अध्यापन आणि लष्करी कुटुंबांसाठी बांधलेल्या घरांत विद्यार्थ्यांचा निवास, असा तेथील आरंभ होता. पुढे याच विद्यापीठाने २०३० पर्यंत आपल्या कर्ब-उत्सर्जनाची बेरीज शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला.

स्मृतीतील बहुतेक साधने येथे यंत्रयुगाच्या वेषात अवतरली आहेत. न फुटलेला दारूगोळा दृष्टीस पडावा म्हणून झुडपांचे रान नियंत्रित आगीने जाळावे लागले, किनाऱ्यावरील चांदमारीच्या जागेतील शिशाने विटाळलेली माती उकरावी लागली, आणि विषारी द्रावकांनी दूषित झालेले भूजल उपसून, कोळशाच्या गाळणीतून काढून शुद्ध करावे लागले. या कार्यामागील चिकाटीला माझा मनःपूर्वक नमस्कार आहे. तथापि विचारवंताने येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण आगीचा धूर आसपासच्या वस्तीवर गेला, उकरलेली माती छावणीच्याच कचराभूमीत आच्छादनाखाली पुरावी लागली, आणि ज्या कोळशाने पाण्यातील विष शोषून घेतले त्या कोळशाची पुन्हा वेगळी तजवीज करणे प्राप्त झाले. एवढेच कशाला, छावणी उठविताना तेथील सातव्या पायदळ डिव्हिजनला वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट लुईस येथे हलविण्याचा हुकूम झाला. म्हणजे युद्धाची तालीम संपली नाही, तिने केवळ मुक्काम बदलला.

तेव्हा एका स्थळाची शुद्धी दुसऱ्या स्थळाच्या पदरी मालिन्य टाकून साधत असेल, तर तिला धर्मदृष्ट्या शुद्धी म्हणावे काय? माझ्या मते ती आवश्यक आहे, उपकारक आहे, परंतु अपुरी आहे. जे एकदा घडून गेले त्याचा मळ फार तर हलविता येतो, कोंडता येतो, विरळ करता येतो. ज्याचा मळ कोठेच जात नाही असे कर्म एकच, आणि ते म्हणजे न केलेले कर्म. आमच्या परंपरेने शौचाच्या जोडीला अपरिग्रहाचा आणि संयमाचा आग्रह धरला, त्याचे मर्म मला येथे दिसते.

म्हणूनच विद्यापीठाचा तो संकल्प मला भूमिशुद्धीच्या साऱ्या खटाटोपाहून श्रेष्ठ कोटीचा वाटतो. भूमीला सरहद्द असते, खातेफोड असते, मालक असतो. वातावरणाचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही, आणि एका ठिकाणी सोडलेला वायू सर्वांच्याच माथी येतो. जाळण्याचे टाळलेले इंधन आणि नवे न बांधता वापरात ठेवलेली जुनी इमारत यांचा भार मात्र कोणत्याही शेजाऱ्यावर पडत नाही. अर्थात हा शून्याचा हिशेब दूरदेशी कोणाकडून तरी उत्सर्जनाची भरपाई विकत घेऊन जुळविला, तर तोही पुन्हा मालिन्याचे स्थलांतरच ठरेल. त्याचे पावित्र्य प्रत्यक्ष त्यागावरच अवलंबून आहे.

मारण्याची विद्या जेथे शिकविली गेली, तेथे आता दुसऱ्याच्या वाट्याचे न घेण्याची विद्या शिकविली जावी, यात मला न्याय दिसतो. भूमी शुद्ध करण्याचे काम सरकारी खाती आणि काळ मिळून कधी तरी पुरे करतील. परंतु तिच्यावर राहणाऱ्या माणसाच्या गरजांना मर्यादा घालण्याचे काम कोणत्याही खात्याकडे सोपविता येत नाही, ते प्रत्येक विद्यार्थ्याला आणि अध्यापकाला रोज स्वतःच करावे लागते.