पक्कड आहे का?

घरात देव असावेत, औषधांचा डबा असावा आणि एक चांगली पक्कड असावी. तिघांची आठवण माणसाला अडचणीतच होते. त्यातल्या त्यात पक्कडीचा गुण लवकर येतो, एवढंच.

मराठीत नुसतं 'पक्कड' म्हणून भागत नाही. 'पक्कड कुठाय?' असा मी हाका मारला की आतून चहाचं पातेलं उतरवायची पक्कड येते. काही घरांत तिला सांडशी म्हणतात, तिथे हा घोटाळा होत नसावा. तसं पाहिलं तर दोघी सख्ख्या बहिणीच. तत्त्व तरफेचंच. खिळीपासून टोक दीड इंचावर आणि मूठ सहा इंचांवर, म्हणजे माझ्यासारख्याच्या मनगटातही चौपट जोर येतो. आयुष्यात दुसऱ्या कशानंही मला चौपट केलेलं नाही.

माझी पक्कड आठ इंची, पुण्याच्या बोहरी आळीतून घेतलेली. दुकानदार तिला 'स्लिप जॉइंट' म्हणाला. हिची गंमत अशी की दोन दांड्यांना जोडणारी खीळ एका लांबट, दोन घरांच्या भोकात बसवलेली असते. मुठी पूर्ण फाकवल्या की खीळ एका घरातून दुसऱ्या घरात सरकते आणि जबडा चांगला रुंद उघडतो. खिळ्याचं डोकं धरणारी पक्कड क्षणात नळाचा जाड नट धरायला तयार. टोकाशी बारीक करवती दात, मध्ये गोल वस्तूंसाठी बाकदार पोट आणि खिळीजवळ तार तोडायची धार. माणसात इतके गुण असते तर तो निवडणुकीला उभा राहिला असता.

जाणकार मेकॅनिक मात्र तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. नट पान्यानंच फिरवावा. पक्कडीनं फिरवला तर कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग कुठल्याच पान्याला दाद देत नाही, असं तो सांगतो. खरंच आहे ते. पण नेमक्या मापाचा पाना सापडेपर्यंत नळाचं पाणी जिन्यापर्यंत पोचलेलं असतं, त्याचं काय? शेगडीचं बटण तुटलं तेव्हा महिनाभर आम्ही ज्योत पक्कडीनंच लहानमोठी केली. बॅगेच्या चेनचा सरकता तुकडा सैल झाला की तो दोन्ही कडांना हलकेच दाबावा, चेन पुन्हा दात धरते. चपलेतून वर आलेला खिळा, न उघडणारं बरणीचं झाकण, सगळीकडे हीच.

आता अशी वस्तू घरात आहे हे इमारतीत कळायला वेळ लागत नाही. तळमजल्यावरचे काका गेली वीस वर्षं आमच्याकडे, दुसऱ्या मजल्यावर, पक्कड मागायला येत आले. दारातूनच विचारायचे, "काय हो, पक्कड आहे का?" दुसऱ्या कशासाठी ते कधी आले असतील तर मला आठवत नाही. दिवाळीचा फराळसुद्धा पक्कड परत करताना घेऊन यायचे.

यावर आमच्या सौ.चं एक मत आहे. ती म्हणते, "त्यांना तुम्ही नको असता, पक्कड हवी असते." वरवर साधं दिसणारं हे वाक्य नीतिशास्त्राला थेट हात घालतं. कामापुरता येणारा माणूस हा आपला माणूस म्हणावा की नाही?

मी ॲरिस्टॉटल काढला. त्याच्या 'निकोमेकियन एथिक्स'च्या आठव्या भागात मैत्रीचे तीन प्रकार आहेत: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. पहिली सगळ्यांत हलकी. उपयोग संपला की मैत्री संपली. वर तो असंही म्हणतो की ही उपयोगाची मैत्री जास्त करून म्हाताऱ्यांत आढळते. काका सत्तरीपुढचे. सौ.ला हे वाचून दाखवायला नको होतं. ती जिंकल्यासारखी आत गेली.

पण ॲरिस्टॉटलच्या हिशेबात एक गोष्ट बसत नाही. काका पक्कड न्यायला यायचे ते पाऊण तास बसायचे. पक्कड हातात घेऊन खीळ एका घरातून दुसऱ्या घरात सरकवत राहायचे. टक्, टक्. पाणी, पेन्शन, पाऊस झाला की एखाद्या टक्नंतर खरं बोलणं निघायचं. काकूंच्या तपासण्यांचा निकाल आला त्या संध्याकाळीही ते असेच पक्कड परत करायला आले होते. वर न बघता म्हणाले, "फारसं बरं नाहीये हो." मग बराच वेळ नुसतं टक्, टक्. 'मला भीती वाटतेय' एवढं म्हणण्यासाठी जिना चढून येणारा मराठी गृहस्थ मी पाहिलेला नाही. बायका वाटीभर साखरेच्या निमित्तानं हे काम शतकानुशतकं करत आल्या. आम्हाला लोखंड लागतं.

मागच्या पावसाळ्यात काकू गेल्या. मुलगा बंगळूरहून आला. वडील एका पक्कडीसाठी दोन मजले चढतात हे बघून त्याचा जीव तुटला. त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं आणि हत्यारांची अख्खी पेटी मागवली. हल्ली शहरात असल्या वस्तू दहा मिनिटांत दारात येतात. मुलगा गुणी आहे, त्याला बोल लावावा असं यात काही नाही. तो परत गेला आणि काका वर यायचे थांबले.

पहिला महिना मी वाट पाहिली. दुसऱ्या महिन्यात सौ. म्हणाली, "पाहिलंत? मी म्हणत होते ना." पण म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखा जिंकलेला नव्हता.

मग मी माझी पक्कड माळ्यावर, जुन्या पंख्याच्या मागे ठेवली आणि खाली गेलो. दारातूनच विचारलं, "काका, पक्कड आहे का?"

हे खोटं झालं का? कान्टला विचाराल तर झालंच. त्यानं 1797 साली लिहून ठेवलंय की मित्राचा जीव घ्यायला निघालेला माणूस दारात येऊन त्याचा पत्ता विचारत असला, तरी त्याच्याशीसुद्धा खोटं बोलू नये. कान्टच्या दारात पक्कड मागायला कोणी आलं नसावं. आणि बारकाईनं पाहाल तर मी खोटं बोललोच नाही. मी फक्त प्रश्न विचारला. काका म्हणाले, "तुमची काय झाली?" मी म्हटलं, "हाताशी नाहीये." माळा हाताशी नसतो, हे कोणीही मान्य करील.

काकांनी पेटी उघडली. प्रत्येक हत्यार फोमच्या आपापल्या खाचेत, एकालाही हात लागलेला नाही. त्यांनी पक्कड काढली, मुठी फाकवून खीळ सरकवून पाहिली. टक्. "घट्ट आहे अजून," म्हणाले. मग म्हणाले, "बसा, चहा टाकतो. मला जमतो आता."

चहात साखर फार होती. दीड तास बसलो.

पक्कड अजून माझ्याकडेच आहे. तीन दिवस झाले. सौ. म्हणते आजच देऊन या. पण मला वाटतं रविवारपर्यंत थांबावं, घाईनं परत केली तर काम होतं की नव्हतं अशी शंका यायची.