पोकळ अणू आणि भरीव पाट

लक्ष्मीपूजनाला ज्या पाटावर आपण लक्ष्मी मांडतो, तो पाट भरीव आहे की पोकळ, असा प्रश्न कुणी विचारला तर घरातली वडीलधारी माणसे त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहतील. पाट सागवानी आहे, भरीव आहे. शंका असेल तर बोट आपटून पाहावे! परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत पदार्थविज्ञानाने असे काही सांगितले आहे की, हा प्रश्न वेडगळ म्हणून उडवून देता येत नाही. शिवाय त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि त्याचा संबंध पाटापेक्षा माणसाशी अधिक आहे. वस्तू फोडून तिच्या आत काय आहे ते कळले, म्हणजे ती वस्तू खोटी ठरते काय?

आधी हकीकत पाहू. १८९७ साली केंब्रिजच्या जे. जे. टॉमसन यांनी अणूहून कितीतरी हलका असा ऋणभाराचा कण दाखवून दिला. तोच इलेक्ट्रॉन. ‘ॲटम’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘न कापता येणारा’. त्या दिवसापासून तो अर्थ नावापुरताच उरला. पुढे १९०९ मध्ये मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन या दोघांनी धातूच्या पातळ वर्खावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण मधे काही नसल्यासारखे आरपार गेले. पण काही हजारांत एखादा चक्क उलट फिरला. पडद्यावर फेकलेला दगड परत येऊन आपल्याच कपाळावर आदळावा, असा हा प्रकार! १९११ साली रदरफोर्ड यांनी त्याचा उलगडा केला. अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान मध्यभागी एका इवल्याशा केंद्रकात गोळा झालेले असते, आणि भोवती इलेक्ट्रॉन असतात. केंद्रकातल्या धनभारित कणाला पुढे प्रोटॉन हे नाव मिळाले. १९३२ साली चॅडविक यांनी त्याचा विद्युत्भार नसलेला जोडीदार, न्यूट्रॉन, शोधून काढला. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड. हायड्रोजनचे केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे मानले, तर त्याचा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा होईल. मध्ये मोहरीचा एक दाणा, आणि बाकी सारे मैदान मोकळे!

मग पाट भरीव कसा? १९२७ साली एडिंबरोला दिलेल्या व्याख्यानांत एडिंग्टन यांनी हाच पेच मांडला. आपल्यासमोर दोन टेबले आहेत, असे ते म्हणाले: एक नेहमीचे, घट्ट, लाकडी, दुसरे विज्ञानाचे, बहुतांशी रिकामे, आणि खरे म्हणायचे ते दुसरेच. श्रोत्यांना हे फार आवडले असावे. रोजच्या वस्तूला कुणी मोठ्या माणसाने खोटे म्हटले की आपल्याला उगाचच काही गूढ कळल्याचा आनंद होतो. दहा वर्षांनी सुझन स्टेबिंग या तत्त्वज्ञ बाईंनी त्यावर नेमके बोट ठेवले. ‘भरीव’ या शब्दाला अर्थ आला तो फळी, भिंत, दगड यांच्यावरून. फळीच भरीव नसेल तर भरीव म्हणायचे तरी कशाला? मापाच्या शेराने मापायचे, आणि शेवटी शेरच खोटा म्हणून सांगायचे, असा हा हिशेब झाला.

विज्ञानाची स्वतःची साक्षही बाईंच्याच बाजूने पडते. इलेक्ट्रॉन हे केंद्रकाभोवती फिरणारे चिमुकले गोटे आहेत, हे चित्र शाळेपुरते ठीक आहे. खरे पाहता ते मैदानभर पसरलेल्या ढगासारखे असतात. त्यामुळे ‘रिकामे’ हा शब्दही तिथे नीटसा लागू पडत नाही. १९२५ साली पाउली यांनी एक नियम सांगितला: दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. एका पाटावर दोन पानं मांडता येत नाहीत, तसे. हा नियम नसता तर पदार्थ आतल्या आत आकसत गेला असता, हे डायसन आणि लेनार्ड यांनी १९६७ साली गणिताने सिद्ध केले. म्हणजे पाटाचा भरीवपणा हा भ्रम नव्हता. त्याला कारण होते, आणि ते कारण आता कळले. कारण कळल्याने वस्तू नाहीशी होत नाही. अन्नाचे पचन कसे होते ते कळले म्हणून भूक खोटी ठरत नाही.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाके? आस? जू? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो, आणि ‘रथ’ हे केवळ एक नाव उरते. उलट न्याय-वैशेषिकांचे म्हणणे असे की, अवयवांहून अवयवी निराळा आहे; सूत जमून वस्त्र झाले की जगात एक नवी वस्तू आली. कणादाला इलेक्ट्रॉन ठाऊक होता असे सांगत फिरण्याची गरज नाही. तशा बढाईने त्याचा मोठेपणा वाढत नाही. पण भाग आणि अखंड वस्तू यांचे नाते काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी पणाला लागून लढवला, हे खरे, आणि ते पुरेसे आहे.

आज हाच वाद माणसापर्यंत आला आहे. शोक करणाऱ्या बाईला कुणी शहाणा सांगतो, अश्रू म्हणजे मीठ आणि पाणी. प्रेम म्हणजे मेंदूतली रसायने. मन म्हणजे विजेचे खेळ. यांतले एकही विधान सर्वस्वी खोटे नाही. खोटा आहे तो त्यांतला ‘म्हणजे’. दारातली ठिपक्यांची रांगोळी पाहा. ठिपके सगळे सारखेच. त्यांतून कमळही निघते आणि कासवही. कमळ एकाही ठिपक्यात नसते, म्हणून ते दारात नाही असे कोण म्हणेल? इलेक्ट्रॉन तर रांगोळीच्या ठिपक्यांहूनही एकसारखे. सोन्यातला इलेक्ट्रॉन आणि राखेतला इलेक्ट्रॉन यांत तिळाएवढा फरक नाही. कोळसा आणि हिरा, दोन्हींत कार्बनच, फरक मांडणीचा. मांडणी ही कणांइतकीच खरी आहे.

इथे एक मोह होतो. सर्वांच्या देहात तेच प्रोटॉन, तेच इलेक्ट्रॉन. तेव्हा माणसे समान आहेत हे विज्ञानाने सिद्ध केले, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. हेतू चांगला आहे, पण युक्तिवाद लंगडा आहे. तेच इलेक्ट्रॉन उंबऱ्याच्या दगडातही आहेत, आणि दगडावर पाय देताना आपण क्षमा मागत नाही. शेजारच्या माणसाचा मान राखायचा तो त्याच्या कणांसाठी नव्हे. त्याला दुखते, त्याला लाज वाटते, तो कुणाची तरी वाट पाहतो, म्हणून. समतेचा आधार अणूत शोधू गेलो तर तो सापडणार नाही, आणि न सापडल्यामुळे समता खोटीही ठरणार नाही.

सर्वांत मोठी साक्ष न्यूट्रॉनची. १९३८ च्या अखेरीस हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमचे केंद्रक न्यूट्रॉनने दुभंगते असे आढळले. पुरती सात वर्षेही लोटली नाहीत तोच, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जळाले. साध्या कोबाल्टच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन घातला की कोबाल्ट-६० होते, आणि त्याच्या किरणांनी जगभरच्या इस्पितळांत कर्करोगाच्या रोग्यांवर उपचार झाले आहेत. तुर्भ्याची अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली, तिच्यातही न्यूट्रॉनच धावत होते. एका ठिकाणी मरण, दुसऱ्या ठिकाणी जीवदान. त्या कणाला दोन्हींचे सुखदुःख नाही. सुखदुःख आणि जबाबदारी ही माणसाच्या मांडणीत उगवलेली वस्तू आहे, आणि आपण कणांचेच बनलो आहोत या सबबीवर ती कणांच्या गळ्यात टाकता येत नाही.

‘शेवटी सगळे अणूच’ हे वाक्य म्हणूनच जपून उच्चारावे. त्यात जिज्ञासा असेल तर ते सुंदर आहे. आज रात्री मुलांच्या हातांतली फुलबाजी जी प्रकाशते, तिच्याकडे पाहताना ते आवर्जून म्हणावे. पण दुसऱ्याचे दुःख टाळण्यासाठी किंवा आपला दोष झटकण्यासाठी ते म्हटले जात असेल, तर तिथे अणूचा काहीच संबंध नसतो. तिथे बोलत असतो तो माणूसच, आणि उत्तर द्यायचे तेही त्यालाच.