विश्वास आणि पडताळा

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची कोणी तपासणी करणार आहे असे ऐकले, की मनाला कुठेतरी खटकते. ज्यांनी आजोबांची नाडी पाहिली, आपला गोवर पाहिला आणि आता आपल्या मुलाचा खोकला जे पाहत आहेत, त्यांच्या कपाटात कोणी परका माणूस वही घेऊन डोकावणार, ही कल्पनाच उपमर्दाची वाटते. रत्नागिरीसारख्या गावात तर डॉक्टर हा घरच्या कार्यात अक्षता टाकायला येणारा माणूस असतो. हापूसची पहिली पेटी उतरली, की त्यातले डझनभर आंबे त्याच्याकडे जातात. अशा माणसाकडे पडताळ्याच्या नजरेने पाहणे म्हणजे विश्वासाला तडा देणे नव्हे काय?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण येथे एक चांगली आणि एक वाईट अशा दोन गोष्टी समोरासमोर नाहीत. दोन्ही चांगल्याच आहेत. विश्वास नसेल तर रोगी आपले दुखणे मोकळेपणाने सांगणार नाही. आणि पडताळा नसेल तर आपला विश्वास कशावर उभा आहे, हेच आपल्याला कळणार नाही.

आपल्या किनाऱ्यावरचेच उदाहरण घ्या. पावसाळाभर ओढून ठेवलेली होडी पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी तांडेल तिची फळीन् फळी हाताने चाचपून पाहतो. ती बांधणाऱ्या सुताराबद्दल त्याच्या मनात किंतु असतो असे नाही. कदाचित तो सुतार त्याचा सख्खा मेहुणाही असेल. परंतु समुद्र सुताराची सचोटी पाहत नाही; तो फट शोधतो. रोगजंतूंचेही तसेच आहे. लसी साधारणतः २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवाव्या लागतात. आषाढातल्या एखाद्या वादळी रात्री वीज गेली, शीतकपाट तासन् तास बंद राहिले आणि सकाळी ते पुन्हा घुमू लागले, तर नुसत्या नजरेला लस जशीच्या तशी दिसते. टोचताना बाळ तेवढेच रडते. आई तेवढ्याच समाधानाने घरी जाते. डॉक्टर मायाळू आहे की नाही, याचा येथे काहीच संबंध उरत नाही. संबंध असतो तो तापमानाच्या नोंदवहीचा, आणि ती कोणी खरोखर पाहतो की नाही याचा.

सज्जन माणसाच्या हातूनही अपाय होऊ शकतो, ही गोष्ट वैद्यकाने फार मोठी किंमत मोजून शिकून घेतली आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले, की सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात कितीतरी अधिक बाळंतिणी तापाने दगावत आहेत. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत असत. त्यांनी हात क्लोरीनच्या द्रावणात धुवावेत असा दंडक सेमेलवाइसनी घातला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरीही त्यांच्या अनेक व्यवसायबंधूंना तो दंडक रुचला नाही. आपले हात रोग्याला मारीत असतील, हे कोणत्या डॉक्टराला सहज मानवेल? तपासणीत अपमान वाटण्याची ही भावना अशी जुनी आहे.

आता व्हिएन्नाहून आपल्या जिल्ह्यात येऊ. ६ मे १९५३ रोजी पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि त्याला पुण्याला हलवावे असे सांगितले. सुमारे २०० मैलांचा तो मोटारीचा प्रवास अकरा तासांचा झाला. पुण्यातील एका शल्यचिकित्सकाने हाड बसवले. त्याच दिवशी, ९ मे रोजी, तो मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. पुरेशी भूल न देता, नको इतका जोर लावून हाड बसवले, असे न्यायालयांनी मानले. भरपाई ठरली ३,००० रुपये. आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९६८ च्या मे महिन्यात, म्हणजे पंधरा वर्षांनी.

त्या निकालात न्यायालयाने डॉक्टराची तीन कर्तव्ये सांगितली : रोगी हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यावा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक देणे. यातले पहिले कर्तव्य पाहा. पालशेतच्या त्या डॉक्टरांकडे साधने जवळजवळ नव्हतीच. पण ‘हे माझ्या आवाक्यातले नाही’ हे ओळखण्याची बुद्धी त्यांच्यापाशी होती. कोणत्याही दवाखान्यात प्रथम पाहायचे असेल तर हे पाहावे, की येथे कुठे थांबायचे ते माहीत आहे काय, आणि थांबल्यावर रोग्याला पुढे नेण्याची वाट मोकळी आहे काय?

शिवाय, न्याय मिळाला तरी मुलगा परत आला नाही. न्यायालय अपघातानंतरच जागे होऊ शकते; अपघातापूर्वी जाग आणू शकते ती तपासणी. म्हणून ती करणाऱ्याकडे आपण चोरावर पाळत ठेवणाऱ्या शिपायाच्या नजरेने पाहू नये.

आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. रोगी ठेवून घेणाऱ्या रुग्णालयांना नोंदणी करावी लागते आणि दर तीन वर्षांनी ती नवी करावी लागते. परंतु ज्या दवाखान्यात खाट नाही, त्याच्या उंबरठ्याशी हा कायदा थांबतो. आणि आपल्यापैकी बहुतेकांचा आजार प्रथम जातो तो नेमका अशाच दवाखान्यात. इंग्लंडमध्ये अशा दवाखान्यांनाही पाच प्रश्न विचारले जातात : येथे रोगी सुरक्षित आहे का, उपचार गुणकारी आहेत का, वागणुकीत आपुलकी आहे का, लोकांची गरज ओळखली जाते का, कारभार नीट चालतो का? मिळालेला शेरा दर्शनी भिंतीवर लावावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, की आपल्याकडे असे काही आले तर भिंतींना रंग चढेल, रात्रीतून वह्या भरल्या जातील, उसने अग्निशामक खुंटीला टांगले जाईल आणि साहेबांचा चहा झाला की सारे पूर्ववत होईल. ही शंका खोटी नाही. दुसरी शंका तर अधिक गंभीर आहे. जो डॉक्टर भरपावसात नदीचे पाणी रस्त्यावर आले असताना रात्री दोन वाजता येतो, त्याच्या त्या येण्याला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. आणि दहा मैलांत एकच दवाखाना असेल, तर तो बंद करून आपण रोग्याला सुरक्षित करीत नाही, पोरके करीत असतो.

या शंकांचे उत्तर तपासणीच नको, हे मात्र नव्हे. तपासणारा कसा असावा, हा खरा प्रश्न आहे. तो दोष दाखवून निघून जाणारा नसावा. तो दूर कसा करायचा ते सांगणारा आणि पुन्हा येऊन पाहणारा असावा. शीतकपाटासाठी विजेची पर्यायी सोय नसेल, तर ती करून घेण्यास त्याने हातभार लावावा. आणि पडताळ्याचा थोडा भार आपणही उचलला पाहिजे. ‘डॉक्टर, सुई नवी आहे ना? या गोळीने मागच्या वेळी पुरळ उठले होते, हे कार्डावर लिहिले आहे ना?’ असे विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. भाजीवालीच्या तराजूचा काटा आपण निःसंकोच पाहतो. डॉक्टरांपुढे मात्र आपली जीभ जड होते. चांगल्या डॉक्टराला असा प्रश्न टोचत नाही. ज्याला टोचतो, त्याच्याकडे तो विचारणे अधिकच जरूर असते.

दिवाळीच्या आधी आपण घर आवरतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, कपाटे भिंतीपासून सरकतात, वर्षभर न दिसलेले कोपरे उजेडात येतात. घरातली आई गबाळी आहे असा त्याचा अर्थ कोणी लावीत नाही. धनत्रयोदशीला अनेक दवाखान्यांत धन्वंतरीची पूजा होते, धणे-गुळाचा नैवेद्य दाखवतात. त्याच दिवशी डॉक्टर आणि कंपाउंडर यांनी मिळून औषधांचे कपाट रिकामे करावे, प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचावी आणि मुदत गेलेली औषधे बाजूला काढावीत. पुढे कधी तपासनीस आलाच, तर त्याला ते कपाट उघडून दाखवताना मग संकोच वाटणार नाही.